जनुक एका डेटाबेसमध्ये दिसते, दुसऱ्यात ‘सापडले नाही’: पिकांच्या जीनोमांची तुलना करताना वारंवार येणारी अडचण

समस्या अशी आहे. एखाद्या शोधनिबंधाच्या पूरक तक्त्यातून भाताच्या जनुकांची यादी घेतली, तिच्यातील आयडी एन्सेम्बल प्लांट्स, फायटोझोम किंवा प्लाझा यांपैकी एका डेटाबेसमध्ये टाकले आणि ज्वारी, मका किंवा गहू यांतील संबंधित जनुके मागवली. काही आयडींसाठी ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते, काहींसाठी एकाच्या जागी तीन जनुके येतात, आणि तीच यादी दुसऱ्या डेटाबेसमध्ये टाकली की गळणारी जनुके वेगळीच असतात. पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न त्याच रूपात पुन्हा पुन्हा येतो आणि त्याला बहुतेक वेळा एक निष्कर्षही चिकटलेला असतो: ‘म्हणजे हे जनुक ज्वारीत नाही, असे प्रबंधात लिहू का?’

असे लिहू नये. निदान इतक्यात तरी नाही. ‘सापडले नाही’ या एकाच उत्तरामागे निरनिराळी कारणे असतात. डेटाबेसला ते नाव ओळखता आले नसेल; नाव ओळखीचे असेल, पण जुन्या आवृत्तीतले असेल; जनुक डीएनए क्रमात असेल, पण त्याची जनुक म्हणून नोंद झालेली नसेल; नोंद असेल, पण नाते ठरवणाऱ्या पद्धतीने त्याला दुसऱ्या कुळात टाकले असेल; तो डीएनए तुकडा असेंब्लीत, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून तयार केलेल्या जीनोममध्ये (संपूर्ण डीएनए क्रमात), आलाच नसेल; किंवा संदर्भासाठी निवडलेल्या वाणात ते जनुक खरोखरच नसेल. यांतले केवळ शेवटचे कारण जीवशास्त्राविषयी काही सांगते, बाकीची आपल्या साधनांविषयी सांगतात. म्हणून तपासणी स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे करत जावी. खालचा क्रम तसाच आहे.

एक सूचना आधीच देतो: या लेखात आयडी नागरी लिपीत लिहिले आहेत. शोधखिडकीत ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकावे लागतात.

भाताचे एकच जनुक, तीन नावे

सर्वाधिक गोंधळ भातात होतो, कारण भाताचा संदर्भ जीनोम एक असला तरी त्यावरच्या जनुकांची मोजणी दोन गटांनी स्वतंत्रपणे केली आहे. निप्पोनबारे या जपानी वाणाचा जीनोम आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या प्रकल्पात अकराव्या गुणसूत्राच्या क्रमनिर्धारणात भारताचाही वाटा होता. दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारातील वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र यांनी ते काम केले. त्यानंतर जपानमधील रॅप-डीबी या डेटाबेसने जनुकांच्या जागा व कार्ये नोंदवणारे एक अ‍ॅनोटेशन चालवले आणि अमेरिकेत, आधी टीआयजीआर संस्थेत व मग मिशिगन स्टेट विद्यापीठात, दुसरे अ‍ॅनोटेशन तयार झाले. जुन्या निबंधांत ‘टीआयजीआर आयडी’ आणि नंतरच्या निबंधांत ‘एमएसयू आयडी’ असा उल्लेख येतो. दोन्हींचा साचा एकच आहे.

रॅपचा आयडी ‘ओएस’, दोन आकडी गुणसूत्र क्रमांक, ‘जी’ आणि सात आकडे असा असतो. एमएसयूचा आयडी ‘एलओसी’, अधोरेषा, ‘ओएस’, दोन आकडी गुणसूत्र क्रमांक, ‘जी’ आणि पाच आकडे असा असतो. हरितक्रांतीतील बुटक्या भातामागचे एसडी१ हे जनुक रॅपमध्ये ओएस०१जी०८८३८०० आहे आणि एमएसयूमध्ये एलओसी_ओएस०१जी६६१०० आहे. या दोन क्रमांकांत गुणसूत्राखेरीज काहीही समान नाही, त्यामुळे एकावरून दुसरा काढण्याचे कोणतेही सूत्र नाही. त्यात भर म्हणून अमेरिकेतील एनसीबीआय संस्थेचे स्वतःचे तिसरे अ‍ॅनोटेशन आहे आणि त्याचे आयडीही ‘एलओसी’नेच सुरू होतात, फक्त तिथे अधोरेषा नसते आणि ‘एलओसी’च्या लगेच पुढे आकडे येतात. ही दोन ‘एलओसी’ एकच समजून केलेल्या याद्या पाहण्यात येतात, आणि त्या याद्यांतून निघालेले काहीही विश्वासार्ह नसते.

आता कोण कोणते नाव ओळखतो ते पाहू. एन्सेम्बल प्लांट्स आणि ग्रामीन हे डेटाबेस जपॉनिका भातासाठी (निप्पोनबारे याच गटातला) रॅपचे आयडी वापरतात. फायटोझोममधील भात एमएसयूच्या सातव्या आवृत्तीवर उभा आहे. केग या चयापचय-मार्गांच्या डेटाबेसमध्ये भात दोनदा आहे: ‘ओएसए’ या संकेताखाली एनसीबीआयचे क्रमांक आणि ‘डीओएसए’ या संकेताखाली रॅपचे ट्रान्सक्रिप्टचे, म्हणजे जनुकापासून तयार होणाऱ्या आरएनएचे, आयडी. ‘मार्ग-विश्लेषण रिकामे येते’ ही तक्रार मुख्यतः या दोन संकेतांची अदलाबदल झाल्यामुळे उद्भवते.

उपाय म्हणजे रॅप-डीबीवर मिळणारा रॅप-एमएसयू जुळणीचा तक्ता. तो तक्ता पूर्ण उतरवून घ्यावा आणि आपली यादी त्याच्याशी स्वतः जोडावी. संकेतस्थळावरच्या रूपांतरकात एकेक आयडी टाकत बसल्यास तक्त्यातील महत्त्वाची गोष्ट नजरेआड राहते. ती गोष्ट अशी की ही जुळणी एकास एक नाही. अनेक ओळींत एका बाजूला ‘नाही’ असे लिहिलेले असते आणि काही ओळींत एका रॅप जनुकासमोर स्वल्पविरामांनी जोडलेली एमएसयूची दोन-तीन जनुके असतात, कारण एका गटाने जिथे एक लांब जनुक मानले तिथे दुसऱ्याने दोन लहान जनुके मानली. एमएसयूच्या सातव्या आवृत्तीत ५५,९८६ जनुकस्थाने आहेत, परंतु त्यांतली उड्या मारणाऱ्या डीएनए घटकांशी, म्हणजे ट्रान्सपोझॉनशी, संबंधित स्थाने वगळली की ३९,०४५ उरतात. रॅपची संख्या २०१३ च्या सुमारास ३८ हजारांच्या आसपास होती. एखाद्या निबंधात भाताची जनुके ‘सुमारे ५६ हजार’ आणि दुसऱ्यात ‘सुमारे ३८ हजार’ लिहिलेली असतात ती यामुळे, आणि रूपांतरात गळालेल्या एमएसयू आयडींपैकी पुष्कळसे याच ट्रान्सपोझॉन गटातले निघतात. म्हणून गळालेल्या आयडींची एमएसयूच्या वर्णन-फाइलमधील ओळ आधी वाचावी. तिथे ट्रान्सपोझॉन किंवा रेट्रोट्रान्सपोझॉन असे लिहिलेले असेल, तर त्या आयडीसाठी पुढची शोधाशोध करण्याची गरज नाही.

तक्त्यात जुळणी नसेल, तरी एक खात्रीचा मार्ग उरतो. दोन्ही गटांनी २०१३ मध्ये एकच एकत्रित असेंब्ली स्वीकारल्याचे जाहीर केले. त्यामुळे एमएसयूची सातवी आवृत्ती आणि रॅपची आयआरजीएसपी-१.० असेंब्ली यांत गुणसूत्रावरील स्थाने तीच आहेत. एमएसयू जनुकाची सुरुवात आणि शेवट घ्यावा, रॅपच्या जीनोम ब्राउझरमध्ये त्याच जागी जावे आणि तिथे काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. नावांच्या रूपांतरावर विसंबण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक पसंत आहे, कारण नाव बदलते, जागा बदलत नाही. मात्र ही सोय केवळ या दोन आवृत्त्यांपुरती आहे. एमएसयूच्या सहाव्या किंवा आधीच्या आवृत्तीतील स्थाने इथे चालणार नाहीत.

आवृत्ती बदलली की क्रमांक बदलतो

जमिनीच्या एकत्रीकरणानंतर जुना सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला, जमीन तीच राहिली आणि जुन्या खरेदीखतावरचा नंबर नव्या सातबाऱ्यावर मिळेनासा झाला; गहू आणि मक्याच्या आयडींचे नेमके तसेच झाले आहे.

गव्हाच्या ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणाचा संदर्भ जीनोम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,०७,८९१ उच्च-विश्वासार्ह जनुके नोंदवली होती. त्याच्या आयडीत आवृत्ती उघड लिहिलेली असते, पण ती वाचायची कशी हे सांगितले नाही तर लक्षात येत नाही. आरएचटी-बी१ या बुटकेपणाच्या जनुकाचा आयडी ट्रेससीएस४बी०२जी०४३१०० असा आहे. यातला ‘सीएस’ म्हणजे चायनीज स्प्रिंग, ‘४बी’ हे गुणसूत्र, आणि त्यापुढचा ‘०२’ ही अ‍ॅनोटेशनची आवृत्ती. १.० आवृत्तीत तिथे ‘०१’ होते, १.१ मध्ये ‘०२’ आले आणि २.१ मध्ये ‘०३’. पहिल्या दोन आवृत्त्यांत पुढचे सहा आकडे बहुतांश जनुकांसाठी तेच राहिले आहेत, त्यामुळे ‘०१’च्या जागी ‘०२’ घालून पुष्कळदा काम भागते. ही सवय २.१ आवृत्तीला लावू नये: तिथे ‘जी’नंतर सहाऐवजी सात आकडे असतात आणि क्रमांकन नव्याने केलेले आहे. ‘शोधा आणि बदला’ करून तयार केलेला आयडी तिथे एक तर सापडणार नाही, किंवा, त्याहून वाईट, दुसऱ्याच जनुकावर जाऊन बसेल. गव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघाने दिलेली जुळणी-फाइलच वापरावी. आयडीच्या शेवटी ‘एलसी’ असेल तर ते कमी-विश्वासार्ह जनुक आहे आणि तुलनेच्या तक्त्यांत अशी जनुके बहुधा नसतात. ‘ट्राए_सीएस४२’ने सुरू होणारे आयडी त्याआधीच्या असेंब्लीतले आहेत, त्यांचे क्रमांक जुळवण्याऐवजी डीएनए क्रम घेऊन ब्लास्ट करणे, म्हणजे क्रमाच्या साम्यावरून शोध घेणे, सरळ पडते.

मक्याच्या बी७३ या वाणात बदल याहून ठळक आहेत. तिसऱ्या आवृत्तीतील आयडी ‘जीआरएमझेडएम२जी’ने सुरू होतात, चौथ्या आवृत्तीतील ‘झेडएम००००१डी’ने, आणि २०२१ मध्ये २६ वाणांच्या जीनोमांसोबत आलेल्या पाचव्या आवृत्तीतील ‘झेडएम००००१ईबी’ने. ‘००००१’ म्हणजे बी७३ हा वाण. इतर वाणांना इतर क्रमांक आहेत. मक्याच्या मेझजीडीबी या डेटाबेसवर या तिन्ही पिढ्यांना जोडणारे तक्ते मिळतात आणि तेच एकमेव साधन समजावे, कारण आकड्यांत कोणताही संबंध नाही.

ज्वारीत मात्र एक सुखद अपवाद आहे. फायटोझोममधील सॉबिक.००७जी१६३८०० आणि एन्सेम्बल प्लांट्समधील सॉर्बी_३००७जी१६३८०० हे एकच जनुक आहे. ‘सॉबिक’ आणि टिंब काढून ‘सॉर्बी_३’ लावले की झाले. हे ज्वारीच्या उंचीशी संबंधित डीडब्ल्यू३ जनुक आहे. पण २००९ मध्ये बीटीएक्स६२३ वाणाचा पहिला जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हाचे आयडी, म्हणजे ‘एसबी०७जी’ अशा सुरुवातीचे, या सूत्राने बदलत नाहीत. त्यांच्यासाठी फायटोझोममधील समानार्थी नावांची फाइल लागते. तिसऱ्या आवृत्तीत ज्वारीच्या जनुकांची संख्या ३४,२११ झाली आहे. त्यांपैकी पुष्कळ जनुके पहिल्या आवृत्तीत नव्हतीच. त्यामुळे २०१० च्या आसपासच्या एखाद्या निबंधात ‘ज्वारीत आढळले नाही’ असे लिहिलेले असेल, तर ते विधान उद्धृत करण्यापूर्वी नव्या आवृत्तीत पुन्हा पाहणे आवश्यक आहे.

किरकोळ, पण दिवस खाणाऱ्या गोष्टी

जनुकाचा आयडी हवा असताना ट्रान्सक्रिप्टचा किंवा प्रथिनाचा आयडी टाकलेला असतो. रॅपमध्ये ट्रान्सक्रिप्टच्या आयडीत ‘जी’च्या जागी ‘टी’ येतो आणि शेवटी ‘-०१’ लागतो, एमएसयूत ‘.१’, फायटोझोमच्या प्रथिनात ‘.१.पी’, मक्यात ‘_टी००१’ आणि ‘_पी००१’. ही शेपटे काढून यादी एकसारखी करावी. पीडीएफमधून नक्कल केलेल्या आयडीत अधोरेषा हरवते, जोडरेषेची लांब रेषा होते किंवा शेवटी अदृश्य मोकळी जागा चिकटते. एक्सेलबद्दल सर्वांना ठाऊक आहे, तरीही सांगतो: भातात डीईसी१ नावाचे, पेरांची लांबी रोखणारे एक जनुक आहे आणि एक्सेल त्याची १ डिसेंबर करून टाकतो. स्तंभ आधी मजकूर प्रकाराचा करावा आणि मगच यादी चिकटवावी.

स्थानांनुसार शोध घेत असाल तर गुणसूत्राचे नाव पाहावे. एका फाइलमध्ये नुसते ‘१’, दुसरीत ‘सीएचआर१’ आणि तिसरीत ‘सीएचआर०१’ असते आणि जुळणी करणारी आज्ञा चूक न दाखवता रिकामी फाइल देते. स्थाने नोंदवण्याच्या बेड प्रकारच्या फाइलमध्ये मोजणी शून्यापासून व जीएफएफ फाइलमध्ये एकपासून होते, हेही विसरू नये.

एकाच्या जागी तीन जनुके, किंवा भलतेच जनुक

आयडी बरोबर आहे, आवृत्ती बरोबर आहे, डेटाबेस जनुक दाखवतो, पण दुसऱ्या पिकातील त्याचा ऑर्थोलॉग दाखवत नाही किंवा अनेक दाखवतो. इथून पुढे प्रश्न नावांचा राहत नाही, पद्धतीचा होतो.

ऑर्थोलॉग म्हणजे दोन प्रजाती वेगळ्या झाल्यामुळे वेगळी झालेली जनुके. पॅरालॉग म्हणजे जीनोमच्या आतच जनुकाचे द्विगुणन होऊन वेगळी झालेली. हे नाते कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नसते, ते अनुमानाने ठरते, आणि प्रत्येक डेटाबेसची अनुमानाची रीत निराळी आहे. एन्सेम्बल प्लांट्स प्रत्येक जनुकाचे एक प्रातिनिधिक प्रथिन घेऊन जनुकवृक्ष (जनुकांची वंशावळ) तयार करतो, तो प्रजातिवृक्षाशी ताडून पाहतो आणि त्यावरून एकास एक, एकास अनेक किंवा अनेकांस अनेक अशी नाती नोंदवतो. प्लाझा, जो बेल्जियममधील गेंट येथून चालतो, तो वृक्ष, जनुककुळे, परस्पर-सर्वोत्तम जुळणी आणि गुणसूत्रावरील क्रमसातत्य असे अनेक पुरावे वेगवेगळे दाखवतो आणि किती पुरावे एकमत आहेत ते पाहू देतो. त्यामुळे दोन डेटाबेसांची उत्तरे वेगळी आली तर एक चूक आणि एक बरोबर असे मानण्याचे कारण नाही. विचारलेले प्रश्नच थोडे वेगळे आहेत. माझी पद्धत अशी की पहिली यादी एन्सेम्बल प्लांट्सच्या बायोमार्ट या याद्या काढण्याच्या साधनातून घ्यावी आणि जी जनुके प्रबंधात प्रत्यक्ष चर्चेला येणार आहेत, तेवढी प्लाझात एकेक करून तपासावीत. प्लाझात एकदल आणि द्विदल वनस्पतींसाठी वेगवेगळी दालने आहेत, म्हणून भात आणि तूर यांची तुलना करताना दोन्ही पिके निवडलेल्या दालनात आहेत का ते आधी पाहावे.

गव्हात तीन जनुके येणे ही चूक नाही. गहू षट्गुणित आहे आणि त्याच्या ए, बी व डी या तीन उपजीनोमांत बहुतेक जनुकांची एकेक प्रत असते. भाताच्या एका जनुकासमोर गव्हाची तीन येणे हाच अपेक्षित निकाल आहे. मक्याच्या पूर्वजात, ज्वारीपासून फारकत होण्याच्या सुमारास, संपूर्ण जीनोम दुप्पट झाला आणि नंतर अनेक प्रती गळाल्या. म्हणून ज्वारीच्या एका जनुकासमोर मक्याची कधी दोन, कधी एक जनुके येतात. ‘सर्वांत जास्त साम्य असलेले एक ठेवून बाकीची काढून टाकली’ अशी कृती याद्या सुटसुटीत करण्यासाठी सर्रास केली जाते. ती करू नये. साम्याचा टक्का सर्वाधिक आहे म्हणून तेच जनुक कार्य सांभाळते, असे मुळीच ठरत नाही.

नाते खरे आहे का ते पाहण्याची सर्वांत उपयोगी कसोटी शेजाऱ्यांची आहे. एन्सेम्बलच्या ऑर्थोलॉग तक्त्यात जनुकक्रम-सातत्याचा गुणांक असतो. तो जनुकाच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन शेजारी जनुके दुसऱ्या पिकातही तशीच शेजारी आहेत का हे पाहतो, आणि म्हणून ०, २५, ५०, ७५ किंवा १०० एवढाच असू शकतो. गवतवर्गीय पिकांत हे सातत्य बऱ्यापैकी टिकून आहे, त्यामुळे १०० किंवा ७५ गुणांक असलेल्या नात्यावर पुष्कळ विसंबता येते. शून्य गुणांक म्हणजे नाते खोटे, असा उलटा अर्थ मात्र काढू नये, कारण गुणसूत्रे तुटतात, उलटतात. गव्हात याचे उत्तम उदाहरण आहे. आरएचटी-बी१ चौथ्या बी गुणसूत्राच्या आखूड बाहूवर आहे आणि त्याचा क्रमांक ०४३१००. डी गुणसूत्रावरील त्याचा जोडीदार तसाच आखूड बाहूवर, क्रमांक ०४०४००. पण ए गुणसूत्रावरील जोडीदाराचा क्रमांक एकदम २७१०००. चौथ्या ए गुणसूत्रात झालेल्या उलटापालटीमुळे ते जनुक लांब बाहूवर जाऊन पडले. क्रमांक स्थानानुसार चढत जातात, हे ठाऊक असले की असा पल्ला पाहताच कारण कळते.

याच जनुकामुळे आणखी एक चूक होते, आणि ती डेटाबेसची नसून वाचणाऱ्याची असते. भाताचे एसडी१ आणि गव्हाचे आरएचटी-बी१ ही दोन्ही ‘हरितक्रांतीची जनुके’ म्हणून शिकवली जातात, म्हणून ती एकमेकांची ऑर्थोलॉग असणार, असे गृहीत धरून शोध घेतला जातो आणि डेटाबेस ‘नाही’ म्हणतो. डेटाबेसचे बरोबर आहे. एसडी१ हे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या साखळीतील एका ऑक्सिडेज विकराचे जनुक आहे. आरएचटी-बी१ हे जिबरेलिनचा परिणाम रोखणाऱ्या डेला प्रथिनाचे. एकाच संप्रेरकाच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर बिघाड झाला आणि दोन्ही पिके बुटकी झाली. गव्हातील आरएचटीचा भातातील खरा जोडीदार एसएलआर१, म्हणजे ओएस०३जी०७०७६००, हा आहे. चिन्हनामांचा गोंधळ असाच असतो: मक्यातील एसएच१ हे दाणा आक्रसवणारे, सुक्रोज सिंथेजचे जनुक आहे, आणि ज्वारीतील एसएच१ हे दाणे झडण्याशी संबंधित जनुक आहे. चिन्हनामाने शोध घेऊन पिके जोडू नयेत, आयडीनेच जोडावीत.

नोंद नाही, पण डीएनए आहे

वरचे सगळे तपासूनही जनुक मिळत नसेल तर अ‍ॅनोटेशन बाजूला ठेवून थेट जीनोमला विचारावे. भातातील प्रथिनाचा क्रम घ्यावा आणि टीब्लास्टएन (प्रथिनाचा क्रम डीएनएवर शोधणारा ब्लास्टचा प्रकार) वापरून ज्वारीच्या संपूर्ण जीनोमवर शोध घ्यावा. प्रथिनावर प्रथिनांचा शोध इथे उपयोगाचा नाही, कारण त्या प्रथिनांच्या यादीतच नोंद राहून गेली आहे असा आपला संशय आहे. जुळणी तुकड्यातुकड्यांनी, एक्सॉननुसार (जनुकातील प्रथिनाचा संकेत असलेल्या भागांनुसार), एकाच भागात सलग येत असेल तर जनुक तिथे आहे आणि नोंद राहिली आहे किंवा शेजारच्या जनुकात मिसळली आहे. मध्येच थांबवणारे संकेत वारंवार दिसत असतील तर ते निकामी झालेले जनुक असू शकते.

इथे असेंब्ली किती पूर्ण आहे याला फार महत्त्व येते आणि सर्व पिकांना एकच मापदंड लावता येत नाही. मराठवाडा आणि विदर्भातील विद्यार्थी तुरीवर काम करतात म्हणून तिचेच उदाहरण घेतो. २०१२ मध्ये ‘आशा’, म्हणजे आयसीपीएल ८७११९, या वाणाचा जो मसुदा जीनोम इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ८३३ मेगाबेस (एक मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरे) अंदाजित आकारापैकी सुमारे ६०६ मेगाबेस, म्हणजे ७२.७ टक्के भाग जोडला गेला होता. चतुर्थांशाहून अधिक जीनोम ज्या असेंब्लीत नाही, तिच्यात एखादे जनुक न सापडणे यावरून त्या पिकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शिवाय अशा मसुद्यात बरीच जनुके गुणसूत्राला न जोडलेल्या सुट्या तुकड्यांवर असतात आणि शेजाऱ्यांवर आधारित साधने त्यांना पाहूच शकत नाहीत. तुरीसारख्या पिकात नंतरच्या सुधारित असेंब्ली आधी शोधाव्यात आणि मगच शोध पुन्हा करावा.

यादीबरोबर काय नोंदवून ठेवावे, तेही इथेच सांगतो, कारण पुढच्या पायरीवर त्याशिवाय जाता येत नाही: पीक, वाण, असेंब्लीचे नाव, अ‍ॅनोटेशनची आवृत्ती, डेटाबेसचा प्रकाशन क्रमांक आणि डेटा उतरवल्याची तारीख. एन्सेम्बल प्लांट्सच्या जीएफएफ फाइलच्या नावातच असेंब्ली आणि प्रकाशन क्रमांक असतात, म्हणून फाइल उतरवल्यावर तिचे ‘राइस_फायनल’ असे नामकरण करू नये. मदत मागताना एवढी माहिती दिली तर उत्तर लवकर मिळते. न दिल्यास पहिले उत्तर ‘कोणती आवृत्ती?’ हेच असते.

जनुक खरोखरच नसते तेव्हा

शेवटची शक्यता सर्वांत रोचक आहे आणि तिच्यातली फसगत उलट दिशेची आहे: जे नाही, ते डेटाबेस सापडले म्हणून दाखवतो.

पुरात बुडूनही भात तग धरतो तो सब१ए या जनुकामुळे. ओडिशातील एफआर१३ए या वाणातून ते आले, २००६ मध्ये त्याची ओळख पटली आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात प्रसारित झाला. हे जनुक नवव्या गुणसूत्रावर सब१बी आणि सब१सी या दोन भावंडांच्या शेजारी असते. परंतु निप्पोनबारे या संदर्भ वाणात सब१बी व सब१सी आहेत, सब१ए नाही. आता सब१एचा क्रम घेऊन निप्पोनबारेवर ब्लास्ट केला, तर उत्तर रिकामे येत नाही; भावंडांपैकी एक उत्तम गुणांकासह समोर येते, आणि केवळ सर्वोत्तम जुळणीवर विसंबणारे कोणतेही साधन त्यालाच सब१ए ठरवून पुढे ज्वारी-मक्यातील जोडीदारही देते. तो सगळा तक्ता दुसऱ्याच जनुकाचा असतो. स्फुरदाची कमतरता सोसण्यास मदत करणाऱ्या पीएसटीओएल१चेही तसेच: २०१२ मध्ये वर्णन झालेले हे जनुक कसालथ या वाणात आहे आणि निप्पोनबारेत नाही.

म्हणून एखाद्या वाणातून आलेल्या जनुकाचा शोध घेताना संदर्भ जीनोममधील पहिल्या जुळणीवर थांबू नये. जुळणी पूर्ण लांबीवर आहे का, आणि ते जुळलेले जनुक उलट्या शोधात मूळ जनुकाकडेच परत येते की भावंडाकडे, हे पाहावे. मग दोन्ही बाजूंची शेजारी जनुके शोधून त्यांच्यामधला पट्टा तपासावा. शेजारी जनुके एकमेकांना लागून असतील आणि मधला क्रम अखंड असेल, तर जनुक त्या वाणात नाही असे म्हणण्यास आधार आहे. मध्ये अज्ञात अक्षरांची लांब रांग असेल, तर तो असेंब्लीतला खड्डा आहे आणि काहीच म्हणता येत नाही. त्यानंतर त्याच पिकाच्या इतर वाणांच्या असेंब्ली पाहाव्यात; भात, मका आणि गहू या तिन्हींसाठी त्या आता अनेक उपलब्ध आहेत.

आपण ज्या वाणावर काम करतो त्याची असेंब्ली डेटाबेसमध्ये नसेल, उदाहरणार्थ मोहोळच्या मालदांडी एम ३५-१ चे निकाल अमेरिकेतील बीटीएक्स६२३ च्या जीनोमवर पाहत असू, तर त्या वाणाचे मूळ वाचन-तुकडे (क्रमनिर्धारण यंत्रातून निघालेले डीएनएचे छोटे क्रम) सार्वजनिक संग्रहात आहेत का ते शोधावे. ते मिळाल्यास हव्या त्या जनुकाच्या क्रमावर थेट बसवून पाहावेत, आणि बसवताना त्या जनुकाची भावंडेही संदर्भात ठेवावीत. नाही तर सब१सीचे तुकडे सब१एवर जाऊन बसतात आणि अर्धवट आच्छादनालाच जनुकाची उपस्थिती समजले जाते.